वाचून दाखवा, मग किंमत सांगते

किंमत विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी बसवायचे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानात काउंटरच्या डाव्या अंगाला मी एक खुर्ची, एक सतरंजी आणि भिंतीला टेकून एक लोड ठेवला होता. वाचायला टॅब हवाय किंवा ई-रीडर हवाय म्हणत कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "घरी कसे वाचता? खुर्चीत, मांडी घालून, की लोळून?" माणूस गडबडायचा. यंत्र घ्यायला आलेल्याला बाई लोळायचं विचारते, म्हणजे काय! मग तो जे सांगेल तसं त्याला बसवायचं, हातात यंत्र द्यायचं आणि म्हणायचं, "दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवा, मग किंमत सांगते."

आमचे मालक कपाळाला हात लावायचे. "मंगलताई, तुम्ही माल विकता की मुलाखत घेता?"

"मुलाखत घेऊन विकते," मी म्हणायचे, "म्हणून माल परत येत नाही."

हे मी तोऱ्यात म्हणायचे आणि तो तोरा मला शोभायचा, असं आजही वाटतं. तीस वर्षं मी त्या काउंटरच्या आत काढली. रेडिओ विकले, कॅल्क्युलेटर विकले, मोबाइल तर पोत्यानं विकले म्हटलं तरी चालेल. पण शेवटची दहाबारा वर्षं वाचायची यंत्रं माझ्याकडे आली आणि तिथे माझा हात धरणारं नवी पेठेत कुणी नव्हतं. माझ्या हातून गेलेलं वाचायचं यंत्र परत यायला निघालं ते एकदाच. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी धंदा थोडा समजावून सांगते. नाहीतर मी कुठे चुकले ते तुम्हाला कळायचं नाही.

वाचायची यंत्रं दोन जातींची. एक ई-रीडर. त्याचा पडदा कागदासारखा दिसतो, काळा-पांढरा. डोळ्यांवर उजेड मारत नाही आणि एकदा चार्ज केला की पुष्कळ दिवस चालतो. पण त्याला वाचण्यापलीकडे काही येत नाही. दुसरा टॅब. मोठा, रंगीत, चकचकीत. त्यात सगळं येतं आणि तेच त्याचं दुखणं.

गिऱ्हाइकाला वाटतं, प्रश्न किमतीचा आहे. खरा प्रश्न तुम्ही काय वाचणार हा असतो. विकतची ई-पुस्तकं वाचणार असाल, तर त्यातलं अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, सहा इंची साधा ई-रीडर पुरे. पण आपल्याकडची जुनी मराठी पुस्तकं बहुतेक करून पानांचे फोटो काढून ठेवलेली असतात. तिथे अक्षर एकटं मोठं होत नाही. अख्खं पान मोठं होतं आणि पडद्याबाहेर पळतं. सहा इंचावर असं पान म्हणजे मुंग्यांची रांग. तिथे दहा इंची टॅबच घ्यावा. स्वस्तात हवा असेल तर सिम कार्डाचा घेऊ नये, नुसता वायफायचा घ्यावा. गेल्या वर्षीचं मॉडेल घ्यावं. कॅमेऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, वाचताना कॅमेरा काय कामाचा? आणि घेण्यापूर्वी दहा मिनिटं एका हातात धरून बसावं. मनगट कुरकुरायला लागलं की समजावं, हा घरी गेला की कपाटात जाणार.

आणखी एक. अक्षरं तपासावीत. काही स्वस्त यंत्रांत मराठी जोडाक्षरं फुटतात, अर्धा 'र' एकीकडे आणि बाकीचं अक्षर भलतीकडे. अक्कलकोटकडच्या एक बाई कन्नड पुस्तकं वाचायला यंत्र मागायला आल्या, तर आमच्या एका यंत्रावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मालक म्हणाले, "घरी गेल्यावर अपडेट होईल." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मालक चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले. दुसऱ्या यंत्रावर कन्नड पान नीट उमटेपर्यंत मी त्या बाईंना उठू दिलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असायची. जुळे सोलापुरातले एक निवृत्त अधिकारी वही घेऊन आले. वहीत तक्ता आखलेला. रकान्यात चौदा टॅब, पुढे रॅम, प्रोसेसर, बॅटरी, वजन, सगळं लाल-निळ्या शाईत. तीन महिने अभ्यास केला म्हणाले. माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहिती होती, यात शंका नाही. मी विचारलं, "वाचणार काय आहात?"

त्यांनी वहीची पानं मागेपुढे उलटून बघितली. "ते अजून ठरवलं नाही."

मी त्यांना काही विकलं नाही. "एक महिना लायब्ररीत जा, दोन पुस्तकं शेवटपर्यंत वाचा आणि मग या," म्हणाले. मालकांना हे कळलं तेव्हा त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. सव्वा महिन्याने अधिकारी आले. वही नव्हती. "प्रवासवर्णनं," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. पाच मिनिटांत यंत्र पसंत केलं.

आणि एक जोडपं. बाई शाळेत शिक्षिका. त्यांना ई-रीडर हवा होता आणि यजमानांना टॅब.

"टॅबमध्ये सगळंच येतं की, मॅडम!" यजमान म्हणाले.

"सगळंच येतं म्हणूनच तो घरात सगळ्यांच्या हातात असतो. ज्याच्यासाठी घेतला त्याच्या सोडून."

बाई इतक्या जोरात हसल्या, की यजमानांनी मुकाट्यानं ई-रीडर बांधायला सांगितला. महिन्याने रस्त्यात भेटले तर म्हणे, "मॅडम, हिला आता हाक मारली तर ऐकूच येत नाही." मी म्हटलं, यंत्र बरोबर चाललंय, ही तक्रार आम्ही घेत नाही.

तर अशी मी. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेणारी. आता ऐका.

आषाढ संपत आला होता. दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि छातीशी लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. बरोबर तिशीची सून, तिचं नाव लता. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावाहून एस.टी.ने आले होते. म्हातारे म्हणजे केरबाअण्णा. गावातल्या मंदिरात श्रावण महिनाभर रोज दिवस मावळायच्या आत पोथीचा वीस-पंचवीस ओव्यांचा एक अध्याय वाचायचा, हे त्यांचं काम. आधी त्यांचे वडील वाचायचे. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा घरातली भांडी मागनं आली, पोथी अण्णा आधी डोक्यावर घेऊन आले, असं लताने अभिमानाने सांगितलं.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय अण्णांचं," ती म्हणाली, "पर डोळ्याच्या आतल्या पडद्याला तरास हाय म्हनत्यात डॉक्टर. चष्म्यानं काय व्हत न्हाय. अक्षर मोटं केलं तरच दिसंल. ते करून द्या."

मी अण्णांना सतरंजीवर बसवलं. म्हाताऱ्या डोळ्यांना ई-रीडर बरा, हे माझं ठाम मत. पण त्यांची पोथी ई-पुस्तक म्हणून कुठे मिळेना. इंटरनेटवर एक प्रत सापडली. अण्णांनी लताला पहिलं पान वाचायला लावलं आणि मान हलवली. "ही आमची न्हवं. हिच्यात ओव्या येगळ्या लावल्यात."

मग एकच वाट उरली. त्यांची स्वतःची पोथी पानापानाने फोटोत घ्यायची. मी मालकांकडून मागचं टेबल रिकामं करून घेतलं, चपला बाहेर काढल्या, हात धुतले. अण्णांनी लाल कापड सोडलं. पिवळी पडलेली, कडा झिजलेली पानं. दोन दुपारी मी आणि लता फोटो काढत होतो. ती पान धरायची, मी फोटो काढायचे, आणि अण्णा शेजारी बसून प्रत्येक पान उलटताना नमस्कार करायचे. मालक एकदा डोकावले, काहीतरी बोलणार होते, पण पोथी बघून त्यांनीही चपला काढल्या आणि पंखा बंद केला, पानं उडायला नकोत म्हणून.

फोटोंची पानं, म्हणजे ई-रीडर बाद. दहा इंची टॅब काढला, वायफायवाला, गेल्या वर्षीचा, त्यांना परवडेल असा. मी पानाचे रंग उलटे करून दाखवले, काळ्यावर पांढरी अक्षरं, कारण असल्या डोळ्यांना ते जास्त ठळक दिसतं.

"काळी पोथी नगं," अण्णा म्हणाले. "पोथी पोथीसारकी दिसाय पायजे."

मग उजेड पिवळसर केला, पान बोटाने मोठं करायला आणि वर सरकवायला शिकवलं. एका वेळी दोन ओळी दिसतील एवढं मोठं. अण्णा वाकून बघत राहिले. मग शेवटचा अध्याय मोठ्यानं वाचायला लागले. स्वच्छ, खणखणीत आवाज. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. वीस मिनिटं सलग वाचलं त्यांनी, बोटाने पान सरकवत, कुठे अडले नाहीत. मी मनात म्हटलं, मंगल, जिंकलीस.

लता तुटलेली चप्पल शिवून आणायला बाहेर गेली होती. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं.

"बाई, एक बोलू? कुनाला सांगू नका."

"बोला ना."

"दोन श्रावन झालं, म्या पोथी बघून वाचली न्हाय. दिसतच न्हाय तर बघनार काय? तोंडपाठ हाय, तसं म्हनत गेलो. अंदाजानं पानं उलटत गेलो. लोकं म्हनत्यात, अण्णांचं वाचन ऐकावं. वाचन कुटलं, सोंग हाय ते."

मला त्यात काही बिघडलंय असं वाटेना. "पाठ आहे तर वाईट काय त्यात? उलट कौतुकच आहे."

त्यांनी मान हलवली. "पोथी पाठ म्हनायची नसती. कितीबी पाठ असू दे, डोळ्यानं अक्षर बघायचं आन् मग तोंडातनं काढायचं. आसनावर बसवताना माज्या बापानं एवडंच सांगितलं व्हतं. ह्या श्रावनात खरं वाचता आलं तर बसनार, न्हायतर उटनार. गाववाल्यांनी पोथीची तयार रेकॉर्ड आनून ठिवलीच हाय. अण्णा थकलं की लावू म्हनत्यात."

मी टॅब पुसला, एक चांगलंसं कव्हर घातलं. आणि म्हाताऱ्या माणसाचं यंत्र आहे, कुणी हात लावून पोथी पुसून टाकायला नको, म्हणून वर कुलूप बसवलं. नऊ ठिपक्यांवर बोट फिरवून खूण काढायची, की ते उघडतं. लताला खूण शिकवली. मी माझ्या हुशारीवर खूश होते.

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लताचा फोन आला.

"मॅडम, अण्णा म्हनत्यात टॅब परत घिऊन जा."

काय झालं ते तिने सांगितलं आणि माझा चेहरा उतरला. त्यांच्या मंदिरात पोथीला दोघं बसतात. अण्णा एक ओवी वाचतात आणि थांबतात. शेजारी बाबूराव नाना बसतात, केळीवाले शेतकरी, अण्णांचे समवयस्क. ते त्या ओवीचा अर्थ गावाला सांगतात. सांगून झाला की अण्णा पुढची ओवी वाचतात. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच. नानांचा अर्थ चारपाच मिनिटं चालायचा. आणि माझा टॅब दोन मिनिटं बोट लागलं नाही की झोपून जायचा. दुकानात अण्णा सलग वाचत होते, बोट सारखं फिरत होतं, म्हणून ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या दिवशी नानांनी अर्थ सांगायला सुरुवात केली आणि पोथी काळी झाली. अण्णांनी बोट लावलं तर पोथीच्या जागी नऊ ठिपके. बायकांच्या बाजूने लता उठून आली, खूण काढून गेली. पुढच्या ओवीला पुन्हा तेच. सातव्यांदा ती उठली तेव्हा पुरुषांत खुसखुस सुरू झाली. अण्णांनी हात जोडले, "आज हितंच थांबू," म्हणाले आणि आसनावरून उठले.

"पाठ हाय की त्येंला," लता म्हणाली. "म्हनले असते तर कुनाला कळलं बी नसतं. का थांबले काय म्हाईत!"

मला माहीत होतं, पण मी बोलले नाही.

टॅबची झोप घालवायची कशी, ते फोनवर सांगता आलं असतं. लताने दोन मिनिटांत केलंही असतं. पण अण्णांनी टॅब खोक्यात भरून ठेवला होता आणि रेकॉर्ड लावायला सांगा असा निरोप धाडला होता. मालक म्हणाले, "परत घेऊ, त्यात काय." मी म्हटलं, तुम्हाला काही नाही, मला आहे. रजा टाकली आणि एस.टी. पकडली. तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या मागे मी पहिल्यांदाच दुकान सोडून निघाले होते. वाटेत विचार करत होते. वाचून दाखवा, वाचून दाखवा म्हणत मी एवढ्या माणसांना सतरंजीवर बसवलं, पण ती माणसं खरोखर कुठे वाचतात ते बघायला एकदाही गेले नाही. वाचणाऱ्याच्या शेजारी कोण बसतं, हेही कधी विचारलं नाही. ही रुखरुख अजून आहे.

फाट्यावर लता स्कूटीवर न्यायला आली होती. उसाच्या कडेकडेने घरी पोहोचलो. अण्णा ओसरीवर बसले होते.

"तुमी कशापाय आला एवड्या लांब?"

"तुम्ही कुठे वाचता ते बघायला."

"आता वाचत न्हाय." मग जरा हसले. "बाई, तुमच्या यंत्राला झोप लागती. अर्थ ऐकाय बसलं की झोपतंय. आमच्या गावात मानसंबी झोपत्यात, पर त्येंला उटवाय ठिपकं जोडावं लागत न्हाईत."

"यंत्राचा दोष नाही, अण्णा. चूक माझी आहे. मी तुमचं वाचणं बघितलं, थांबणं बघितलं नाही."

टॅब खोक्यातून काढला. कुलूप काढून टाकलं. अर्धा तास बोट लागलं नाही तरी झोपायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलं. मध्येच कुठला संदेश येऊन टुणटुण करणार नाही, अशी व्यवस्था केली. मग म्हटलं, नाना कुठे आहेत? बोलवा त्यांना.

नाना आले. बुटके, मिशाळ, कपाळाला भस्म. मी म्हटलं, "नाना, अण्णा एक ओवी वाचतील. तुम्ही रोजच्यासारखा अर्थ सांगा. माझ्यासाठी आखडता घेऊ नका."

माणसाने आखडता घेतला नाही. ओवीतून ते देवावर गेले, देवावरून भावाभावांच्या भांडणावर, तिथून धरणाच्या पाण्यावर, केळीच्या भावावर आणि फिरून बरोबर ओवीवर आले. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. टॅब डोळे उघडे ठेवून बसला होता.

"जागं हाय की!" अण्णा म्हणाले.

"माज्या अर्थाला झोपतंय व्हय!" नाना म्हणाले.

चार वाजता मंदिरात गेलो. चौरंगावर टॅब ठेवला तर वरच्या ट्यूबचा उजेड काचेत पडून नुसती पांढरी पट्टी दिसायला लागली. अण्णांचं उपरणं घडी करून खाली घातलं, टॅब कलता केला, तेव्हा पान दिसलं. शेजारी खरी पोथी ठेवली. एका म्हातारीने पोथीला हळदकुंकू वाहिलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत टॅबलाही वाहिलं. मी पदराने काच पुसली. मग कुणीतरी तीर्थाचे थेंब उडवले आणि पान एकदम तीन पानं पुढे उडालं, कारण पाण्याचा थेंब लागला की त्या काचेला बोट लागल्यासारखं वाटतं. "तीर्थ बाजूला ठिवा," अण्णा शांतपणे म्हणाले आणि स्वतःच्या बोटाने पानं मागे आणली. ते बघून मला फार बरं वाटलं. यंत्र त्यांच्या ताब्यात आलं होतं.

वाचन सुरू झालं. मी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते. अण्णा ओवी वाचत, नाना अर्थ सांगत. पहिल्या दोन अर्थांना मी श्वास रोखून बघत होते. पडदा जागा होता. मग मीही ऐकायला लागले.

अर्धा अध्याय झाला असेल. अण्णांनी एक ओवी वाचली, नानांनी अर्थ सांगितला. अण्णांनी पान वर सरकवलं आणि वाचायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. नाक काचेला लागेल इतके खाली वाकले. मला वाटलं, टॅब गेला, काळा पडला. मी अर्धी उठलेच होते. लताने माझा हात धरून खाली बसवलं. पडद्याचा पिवळा उजेड अण्णांच्या तोंडावर पडलेला होता.

अण्णांनी मान वर केली. "मंडळी, हितं चार ओव्या हायत. ह्या तुमी दोन वर्सं ऐकल्या न्हाईत."

कुणाला काही कळेना.

"दोन वर्सं मला अक्षर दिसत नव्हतं. म्या पोथी बघत नव्हतो, तोंडपाठ म्हनत व्हतो. सोंग करत व्हतो. ह्या चार ओव्या इसरून गेलो व्हतो, ते आता बघितल्यावर कळलं."

मागून एकजण म्हणाला, "म्हंजी दोन वर्सं पोथी अर्धवट झाली की!"

"व्हय," अण्णा म्हणाले. "माजा गुन्हा हाय. तुमी म्हनाल तर आत्ता आसन सोडतो. रेकॉर्डमधी तरी काय गळनार न्हाय."

म्हाताऱ्याने ज्या आसनावर खरेपणाने बसता यावं म्हणून एवढा खटाटोप केला, ते आसन माझ्या यंत्राने मोठी करून दाखवलेल्या अक्षरांमुळेच जाणार, असं मला दिसायला लागलं. अण्णांनी आधारासाठी चौरंगाच्या कडेवर हात ठेवला, उठायला.

"बसा," नाना म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ओव्या तुमी गाळल्या, अण्णा. अर्थ म्या गाळला न्हाय. तुमी हितनं फुडं उडी मारली, की म्या मागल्याच ओवीला जोडून ह्या चारींचा अर्थ सांगत व्हतो. दोनी वर्सं. इचारा गावाला."

माझ्या शेजारची म्हातारी ताडकन म्हणाली, "सांगितलाय की! आजबी सांगितला. लई लांबवत्यात हितं, म्हनून मी दोन वर्सं बडबडतीया!"

सगळं मंदिर हसलं. मागचा तो माणूसही हसला. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते नानांकडे बघत होते.

"तुमाला ठावं व्हतं?"

"तीस वर्सं शेजारी बसतोय. ठावं नसंल?"

"मग बोलला का न्हाय?"

"तुमी सोता बोलताय का, ते बघत व्हतो," नाना म्हणाले. "वाचा आता. अर्थ सांगून झालाय ह्येंचा."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, त्यातला बराच अभिमान माझा स्वतःचाच होता. मी विकलेल्या यंत्रावर एवढं खरं वाचलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

अण्णांनी डोळे पुसले, पान बोटाने थोडं खाली ओढलं आणि एकेका अक्षराखाली बोट धरून चारही ओव्या वाचल्या. मध्ये कुठे थांबले नाहीत. नाना हाताची घडी घालून, मान खाली घालून, गप्प ऐकत होते.